उसाच्या फडातली भीती : 'लपाछपी' ते 'छोरी'

कुरुंद्याच्या शिवारात पावसाळा सरत आला की ऊस माणसाच्या डोक्यावर जातो. मोठी बांधणी कधीच उरकलेली असते, पानांनी सऱ्या झाकलेल्या असतात आणि दोन सऱ्या आत गेलेला माणूस बांधावरून दिसेनासा होतो. वसमत तालुक्यातला हा पट्टा हळदीचा, केळीचा आणि उसाचा. तालुक्याच्या गावी पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे, तर कुरुंद्यात टोकाई सहकारी साखर कारखाना. ऊस इथे घरचाच. तरीही रात्रीची वीज आली म्हणून दारं धरायला गेलेल्या माणसाला विचारून पाहा. बॅटरीचा उजेड पहिल्या ओळीवरच अडतो. पुढचे दिसत नाही, ऐकू मात्र सगळे येते. पाचटात काही सरकले तर ते रानडुक्कर, साप की नुसता वारा, हे ठरवायला कानाशिवाय दुसरे काही हाताशी नसते.

एका मराठी भयपटाने ही जागा नेमकी हेरली. विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' हा चित्रपट जुलै २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला. नेहा नावाची गरोदर स्त्री आणि तिचा नवरा तुषार देणेकऱ्यांच्या तगाद्यापासून जीव वाचवण्यासाठी शहर सोडतात आणि ड्रायव्हरच्या गावाकडच्या घरी आसऱ्याला येतात. घर एकटे, चारही बाजूंनी ऊस. घरात ड्रायव्हरची बायको तुळसाबाई. नेहाची भूमिका पूजा सावंतने केली, तुळसाबाईची उषा नाईक यांनी. चार वर्षांनी फुरियांनीच ही कथा हिंदीत 'छोरी' या नावाने पुन्हा केली. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी ती अॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आली. नेहाची साक्षी झाली आणि ती नुसरत भरुचाने साकारली. तुळसाबाईच्या जागी भन्नोदेवी आली, ती मीता वशिष्ठ यांनी. चित्रण मध्य प्रदेशात झाले. ऊस मात्र तोच राहिला.

हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले तर भीती कशाची बनलेली असते याचा एक उत्तम धडा मिळतो. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला तो विशेष कळेल, कारण पडद्यावरची जागा त्याच्या पायाखालची आहे.

धक्का ओसरतो, धास्ती उरते

प्रेमकथा पुन्हा पाहताना शेवट ठाऊक असला तरी फारसे बिघडत नाही. भयपटाचे तसे नाही. त्याची सारी भिस्त पुढे काय होणार हे माहीत नसण्यावर असते, असे आपण धरून चालतो. मग मूळ चित्रपट पाहिलेला प्रेक्षक रिमेक पाहून का घाबरावा?

याचे उत्तर असे की भयपटात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र काम करत असतात. पहिली म्हणजे धक्का. शांततेत अचानक मोठा आवाज झाला की डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती सेकंदाच्याही अंशात घडते, विचार करायला तेवढा अवधीच नसतो. पण हाच धक्का त्याच जागी पुन्हा दिला तर शरीर त्याला लवकर सरावते. म्हणून निव्वळ धक्क्यांवर उभा असलेला चित्रपट दुसऱ्या पाहण्यात पोकळ वाटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे धास्ती. आल्फ्रेड हिचकॉक हा फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावत असे. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाच्या क्षणी तो काही सेकंद दचकेल. पण बॉम्ब आहे हे त्याला आधी सांगितले आणि टेबलाभोवतीची माणसे मात्र निवांत गप्पा मारत बसली, तर तीच पाच-दहा मिनिटे त्याला असह्य होतील. इथे माहिती असणे हेच भीतीचे कारण आहे. 'छोरी' पाहताना मूळ मराठी चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकाची अवस्था अशी होते. त्या घरात काय शिजते आहे हे त्याला ठाऊक असते, साक्षीला नसते. ती म्हातारी तिच्या पुढ्यात ताट ठेवते तेव्हा पडद्यावर वावगे काहीच घडत नाही, पण जाणकार प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. चांगला रिमेक जुन्या प्रेक्षकाकडून धक्का काढून घेतो आणि त्या बदल्यात त्याला धास्ती देतो.

कुरुंद्याहून नाट्यशास्त्राकडे

नरहर कुरुंदकर यांचे मूळ गाव कुरुंदा. त्यांचा जन्म १९३२ मध्ये नांदापूरला झाला, आयुष्य मुख्यतः नांदेडला पीपल्स कॉलेजात गेले आणि आडनावातून गाव त्यांच्यासोबत महाराष्ट्रभर फिरले. इतिहास आणि राजकारणावरचे त्यांचे लेखन सर्वांना ठाऊक आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचाही त्यांनी खोल अभ्यास केला होता. आपल्याकडे भयाचा विचार करायला सुरुवात करायची ती याच ग्रंथापासून.

नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत आणि भयानक हा त्यांतला एक स्वतंत्र रस आहे. त्याचा स्थायीभाव भय, वर्ण काळा, देवता काल. भय उत्पन्न करणाऱ्या कारणांची यादी सहाव्या अध्यायात येते. विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्हा आणि घुबड, ओसाड घर, अरण्यात जाणे या गोष्टी त्यात आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही यादी आजच्या कुठल्याही भयपटाला लावून पाहावी, निम्म्याहून अधिक खुणा जुळतील.

पुढे रसचर्चेत या कारणांचे दोन गट झाले. ज्याची भीती वाटते ते आलंबन, आणि ती भीती वाढवणारा परिसर, वेळ, आवाज हे उद्दीपन. रिमेक समजून घ्यायला ही विभागणी फार उपयोगी पडते. रिमेक करणाऱ्यासमोर खरा प्रश्न असा असतो : आलंबन तेच ठेवून उद्दीपन बदलायचे, की उद्दीपन ठेवून आलंबन नव्याने घडवायचे? एकही न बदलता चित्रपट काढला तर तो केवळ नक्कल होतो, आणि दोन्ही बदलले तर मूळ कथेशी नाते उरत नाही.

फुरियांनी उद्दीपनातली मुख्य गोष्ट, म्हणजे ऊस, तशीच ठेवली. आणि ती निवड मला फार शहाणपणाची वाटते. भयपटांना सहसा रात्र लागते. उसात रात्रीची गरज नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात उसाच्या मधोमध उभे राहिले तरी चारी दिशांना सारख्याच हिरव्या भिंती असतात. पात्यांच्या कडा हाताला चरे पाडतात, वारा आला की सळसळ एका बाजूने सुरू होऊन दुसऱ्या बाजूला विरते आणि हाक कुठून आली ते नीट कळत नाही. या दोन्ही चित्रपटांतली बरीचशी भीती दिवसाउजेडी घडते. अरण्य आणि ओसाड घर ही नाट्यशास्त्रातली दोन कारणे इथे एकाच शेतात आली आहेत, आणि तीही कुणीतरी कष्टाने लावलेल्या, पाणी देऊन वाढवलेल्या शेतात.

दोन म्हाताऱ्या

आलंबन कसे बदलते हे पाहायचे तर तुळसाबाई आणि भन्नोदेवी यांना शेजारी ठेवावे.

उषा नाईक यांचा चेहरा मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचा आहे. श्रीहरी साठे यांच्या 'एक हजाराची नोट' या चित्रपटात त्यांनी साकारलेली गरीब, मायाळू, एकटी म्हातारी अनेकांना आठवत असेल. तीच माया, तेच नेसणे, तेच बोलणे तुळसाबाईच्या अंगावर येते तेव्हा प्रेक्षक आधी विसावतो. अशी बाई आपल्या आळीत असते. ती पोटुशीला खाऊ घालते, संध्याकाळी उंबऱ्याबाहेर जाऊ नको म्हणून दटावते, पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी ते सांगते. या प्रत्येक गोष्टीला आपण प्रेम समजत आलो आहोत. त्या प्रेमात ताबा किती आणि काळजी किती, हे चित्रपट हळूहळू उघड करतो आणि प्रेक्षकाला आपल्याच ओळखीच्या घरांची धास्ती वाटू लागते.

आणखी एक गोष्ट मराठी प्रेक्षकाच्या मनात न सांगता चालू असते. आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. ओटीभरण झाले, सातवा-आठवा लागला की लेक आईच्या घरी यायची, ही रीत. नेहा मात्र दिवस भरत आले असताना परक्याच्या घरात आहे. तिची आई जवळ नाही, ओळखीची सुईण नाही, शेजारीण नाही. भूत दिसण्याच्या कितीतरी आधी प्रेक्षकाला आत कुठेतरी खुपू लागते, की ही पोर चुकीच्या ठिकाणी आहे.

मीता वशिष्ठ राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या आणि मणी कौल यांच्या 'सिद्धेश्वरी'सारख्या चित्रपटात काम केलेल्या अभिनेत्री. त्यांची भन्नोदेवी आधीपासूनच कठोर, धारदार आहे. ती विसावू देत नाही, पहिल्या भेटीपासून सावध करते. त्यामुळे 'छोरी'त रहस्य थोडे लवकर फुटते, पण संघर्ष लवकर पेटतो. मराठी चित्रपट मायेतून भयाकडे नेतो, तर हिंदी चित्रपट सत्तेतून. भूमिका तीच, प्रसंगही बव्हंशी तेच, तरी नटी बदलली की भीतीचा उगम बदलतो. रिमेक पाहण्याचा मोठा लाभ हाच. एरवी अभिनय आणि कथा एकजीव झालेल्या असतात. रिमेकमुळे त्या सुट्या करून पाहता येतात.

जगभरातले प्रयोग

स्वतःच्याच भयपटाचा रिमेक करणारे दिग्दर्शक जगात थोडे आहेत. ताकाशी शिमिझू यांनी आपली जपानी 'जू-ऑन' मालिका २००४ मध्ये 'द ग्रज' या नावाने हॉलिवूडसाठी केली. नायिका अमेरिकन घेतली, पण घर टोकियोतलेच ठेवले. मिखाएल हानेके यांनी १९९७ चा 'फनी गेम्स' २००७ मध्ये इंग्रजीत जवळजवळ चौकटीला चौकट लावून पुन्हा काढला. फुरियांचा मार्ग शिमिझूंच्या जवळचा आहे. जागा घट्ट धरायची आणि माणसे बदलायची.

नुसती नक्कल केली तर काय होते याचे उदाहरण 'सायको'चे. हिचकॉकचा मूळ चित्रपट १९६० चा. न्हाणीघरातल्या खुनाचा जेमतेम पाऊण मिनिटाचा प्रसंग चित्रित करायला त्याने आठवडाभर घेतला. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये, अशी त्याची चित्रपटगृहांना सक्त ताकीद होती, कारण नायिका अर्ध्या वाटेतच मरते हे रहस्य त्याला जपायचे होते. गस व्हॅन सँट यांनी १९९८ मध्ये तीच पटकथा, तीच दृश्यरचना आणि तेच संगीत घेऊन तो रंगीत केला. तोवर ते रहस्य जगाला पाठ झाले होते. हिचकॉकची प्रत्येक चौकट जागेवर होती, पण १९६० च्या प्रेक्षकाचे अज्ञान परत आणता आले नाही. समीक्षकांनी तो उचलून धरला नाही.

याउलट 'नोस्फेराटू'. मुर्नाऊचा हा मूकपट १९२२ चा. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून तो परवानगी न घेता काढला होता. स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो पाहता येतो. रक्तपिपासू सूर्यप्रकाशाने मरतो ही आज सर्वतोमुखी असलेली कल्पना त्या चित्रपटाची देणगी, कादंबरीत ती नाही. वेर्नर हेर्त्झोगने १९७९ मध्ये आणि रॉबर्ट एगर्सने २०२४ मध्ये तो पुन्हा केला. मुर्नाऊच्या चित्रपटात भीती उंदरांबरोबर गावात शिरणाऱ्या प्लेगची आहे. एगर्सने ती नायिका एलेनच्या मनात आणि देहात नेली, जिचे बोलणे कुणी खरे मानत नाही अशा स्त्रीच्या एकटेपणात. कथा शंभर वर्षे टिकली ती अशी, मुक्काम बदलत.

मराठीने उसने घेतले तेव्हा

मराठी प्रेक्षकाला ही देवघेव नवी नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये 'चाइल्ड्स प्ले' आला, त्यात खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. महेश कोठारे यांनी १९९३ मध्ये त्यावरून 'झपाटलेला' केला. तिकडचा बाहुला दुकानातले खेळणे होता. इकडे तो बोलक्या बाहुल्यांच्या कलेतून आला. रामदास पाध्ये यांनी बनवलेला तात्या विंचू मराठी घरांत पटकन ओळखीचा झाला, कारण यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव लोकांनी आधीच डोक्यावर घेतला होता. सजीव वाटणाऱ्या बाहुल्याची गंमत माहीत असलेल्या प्रेक्षकाला त्याची भीती दाखवणे सोपे गेले. दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा विनोद यांनी तो चित्रपट पूर्ण आपला केला.

नारायण धारप यांनी स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून 'आजी' ही कथा लिहिली. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) त्या आजीची सावली पडली आणि तिला कोकणचा पाऊस, वाडा आणि पिढीजात हाव मिळाली. अमेरिकन म्हातारी मराठी वाड्यात इतकी रुजली, की तिचे मूळ गाव सांगितले तरच कळावे. १३ सप्टेंबर २०२४ रोजी हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा त्याला पहिल्या वेळेपेक्षा मोठी गर्दी झाली.

'लपाछपी'ने हा ओघ उलटा केला. इथे मराठीने दिले आणि हिंदीने घेतले. 'छोरी'चा दुसरा भागही एप्रिल २०२५ मध्ये आला.

कानांनी पाहायचा चित्रपट

'लपाछपी' चित्रपटगृहासाठी घडला, 'छोरी' बहुतेकांनी घरी किंवा मोबाइलवर पाहिला. या फरकाचा भीतीवर थेट परिणाम होतो. भयपटाचा पाया खालच्या पट्टीतल्या आवाजांचा असतो. घुमणारा, छातीत जाणवणारा आवाज प्रेक्षकाला कारण न कळता अस्वस्थ करतो. माणसाच्या कानाची ऐकण्याची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ आहे. गास्पार नोए यांच्या 'इर्रिव्हर्सिबल' (२००२) या चित्रपटात या मर्यादेच्या जरा वरचा, २७-२८ हर्ट्झचा आवाज मुद्दाम वापरला होता. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून असे आवाज निघतच नाहीत. उरतात त्या किंचाळ्या आणि दाराची करकर, म्हणजे धक्के. धास्ती गाळली जाते. म्हणून मोबाइलवर पाहायचे असेल तर निदान बरे हेडफोन तरी लावावेत.

आवाजाचा हा धडा कुरुंदा परिसराला पडद्याबाहेरही मिळाला आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत गेली अनेक वर्षे जमिनीखालून गूढ आवाज येतात. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले आणि ते शेजारच्या जिल्ह्यांतही जाणवले. भूकंप उथळ असला की त्याच्या पहिल्या, वेगवान लहरी पृष्ठभागाला थरथरवतात आणि ती थरथर हवेत उतरून गडगडाटासारखी ऐकू येते. कारण एवढे सरळ आहे. तरी ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवणाऱ्या मराठवाड्यात तो आवाज ऐकून माणसे अंगणात का धावतात हे वेगळे सांगायला नको. ज्या आवाजाचा धनी दिसत नाही तो आवाज माणसाला सर्वांत जास्त भिववतो. चांगले भयपट या एका गोष्टीवर तासन्‌तास उभे राहतात.

जे दोन्ही चित्रपटांत बदलले नाही

शेवट मी सांगणार नाही. पण दोन्ही चित्रपट कशाविषयी आहेत हे सांगायलाच हवे. ते मुलगी नको म्हणणाऱ्या घराविषयी आहेत. भुते आहेत, पण ती मारलेल्यांची आहेत. मारणारे जिवंत आहेत, वेळेवर जेवतात, पाहुण्यांशी गोड बोलतात.

ही कथा मराठीतून हिंदीत जाताना तिला परकेपणा का जाणवला नाही, याचे उत्तर जनगणनेत आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या. मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात हा आकडा ८०७ वर आला होता. तिकडे हिंदी पट्ट्यातल्या हरियाणात तो ८३४ होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, साल १९८८. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा आपण सर्वांच्या आधी केला आणि त्यानंतरच्या दशकांत मुलींचा आकडा घसरत राहिला. सोनोग्राफीच्या खोलीत जे घडले त्याला आवाज नव्हता, साक्षीदार नव्हता, पंचनामा नव्हता. भयपटाने त्याला आवाज दिला. उसातून येणारी लहान मुलांची चाहूल ऐकून अंगावर काटा येतो तो यासाठी.

इतर रिमेकशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होते. 'सायको'चे रहस्य जुने झाले. जपानी 'रिंगू' (१९९८) आणि त्याचा अमेरिकन रिमेक 'द रिंग' (२००२) यांत मृत्यू व्हिडिओ कॅसेटमधून येतो. आजच्या मुलांनी कॅसेट पाहिलेलीच नाही, तेव्हा ती भीतीही हळूहळू वस्तुसंग्रहालयात जाईल. ज्या भीतीचे मूळ समाजातून नाहीसे होते तिचा रिमेक जमत नाही. ज्या भीतीचे मूळ शाबूत असते ती कुठल्याही भाषेत पहिल्या दिवशीइतकी ताजी वाटते. 'छोरी' परिणाम करतो यात दिग्दर्शकाचे कसब आहेच. पण त्यातला मोठा वाटा त्याला आपण दिलेला आहे, दोन राज्यांत, दोन भाषांत, एकाच पद्धतीने.

म्हणून या दोन चित्रपटांची जोडी घराघरांत पाहिली जावी असे मला मनापासून वाटते. आधी 'लपाछपी', मग 'छोरी', आणि शक्य तर सासू, सून, मुलगा सगळ्यांनी एकत्र बसून. पाहून झाल्यावर कुठला जास्त भयंकर याची चर्चा जरूर करावी, तुळसाबाई सरस की भन्नोदेवी यावर वाद घालावा. आणि मग आपल्या घरात, भावकीत, गावात मुलगी झाल्यावर पेढे वाटले होते का, हेही एकमेकांना विचारावे. वीस वर्षांनी कुणीतरी या कथेचा आणखी एक रिमेक करील. त्या वेळच्या तरुण प्रेक्षकांना तो अविश्वसनीय वाटला, मुलगी झाली म्हणून कुणी कुणाला मारते का, असे त्यांनी विचारले आणि चित्रपट सपशेल पडला, तर त्या अपयशाचा आनंद सर्वांत आधी या भागाला व्हायला हवा.